जांभळ्या रंगाची चौकशी

सहा वर्षं मी हंगामी होतो. दर एप्रिलात कॉलेज मला सोडायचं आणि दर जुलैत पुन्हा धरायचं. मधल्या काळात मी नेमका कोण असतो हे कुणालाच सांगता येत नव्हतं, घरमालकाला तर मुळीच नाही. माझा मुलगा तेव्हा तिसरीत होता. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात त्यानं स्वतःच्या अक्षरात ‘हंगामी’ असं लिहिलं, आणि गुरुजींनी ते वाचून खाली सही केली. पार्वतीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, तो फॉर्म मला जेवताना दाखवला. त्या दिवशी मला भाकरी गेली नाही.

कॉलेज परभणीत, पिंगळीच्या रस्त्याला. मी इंग्रजी शिकवायचो. संस्थेचे अध्यक्ष शिवरुद्रअप्पा, धान्याच्या मोंढ्यातले आडते. माणूस वाईट नव्हता. हात सढळ होता, फक्त देताना दहा जण बघतायत याची ते खात्री करून घ्यायचे. प्राचार्य भगवानराव मात्र भलतेच भित्रे. नामांतराचं प्रकरण पेटल्यापासून नऊ वर्षांत त्यांनी एकही वाक्य शेवटपर्यंत बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. पत्रावर विद्यापीठाचं नाव टाकायची वेळ आली की ते नुसतं ‘विद्यापीठ’ लिहून पुढं ‘औरंगाबाद’ टाकायचे आणि घाम पुसायचे.

सत्याऐंशीच्या दिवाळीनंतर अप्पांनी मला बोलावलं. "सर, गॅदरिंगला काहीतरी नवं काढा. क्रिकेट समद्यांकडं हाय, कबड्डी समद्यांकडं हाय. जिल्ह्यात कुणाकडं न्हाई असा क्लब काढून दाखवा. तुमची कायमची ऑर्डर मी त्याच दिवशी काढतो." हे प्राचार्यांसमोर बोलले. प्राचार्य म्हणाले, "म्हणजे अप्पा म्हणतात ते…" आणि थांबले.

नवं म्हणजे काय, हे मला रद्दीत सापडलं. कृषी विद्यापीठातले कुणी साहेब परदेशातून आले होते. त्यांची जुनी इंग्रजी मासिकं रद्दीवाल्याकडं आली होती आणि मी ती वाचायला म्हणून किलोवर घ्यायचो. त्यात एक फोटो होता. तिकडं अमेरिकेत धडधाकट, मिशीवाली माणसं जंगलात लपून एकमेकांना रंगाच्या गोळ्या मारतात. ज्याला रंग लागला तो बाद. त्यासाठी बंदुका असतात, चष्मे असतात आणि वर्गणी भरून क्लब काढतात. शिकल्यासवरल्या माणसांचा हा खेळ बघून मला फार बरं वाटलं.

बंदुका हा शब्द ऐकून प्राचार्य खुर्चीतून उठले. त्या दिवसांत कॉलेजच्या फाटकाशी चार पोरं एकत्र उभी राहिली तरी पोलीस नावं लिहून घ्यायचा. "सर, बंदूक म्हणजे उद्या पेपरात…" म्हणून ते पुन्हा बसले. मग मी मुलांची सभा घेतली. भुजंग आला, हा गणेश मंडळाचा. लिंबाजी आला, हा जयंती मंडळाचा. दोघांचे चहाचे गाडे वेगळे, वर्गातले बाक वेगळे, आणि मधल्या बाकावर कुणी बसलं तर त्याला दोन्हीकडून विचारणा व्हायची. मी दोघांनाही कॅप्टन करून टाकलं, कारण एकाला केलं असतं तर क्लब तिथंच संपला असता.

बंदुकीचा प्रश्न सोडवला मनकर्णानं. ही ताडकळसची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. दर जानेवारीत ती पंधरा दिवस गैरहजर असायची, कारण ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायला माळ्यावर तीच बसायची. सभेत ती मागं बसली होती. "सर, गोफण हाय की," म्हणाली. "दगडाच्या जागी रंग घालायचा."

सगळे हसले. मग ती मैदानावर गेली, ओढणी कमरेला खोचली, पिशवीतून गोफण काढली (ही पोरगी कॉलेजात गोफण घेऊन येत होती हे मला सहा महिने माहीत नव्हतं), खडा घातला, डोक्यावर दोन वेळा फिरवली आणि पाण्याच्या टाकीवर बसलेल्या कावळ्याच्या पायाखालचं पत्र्याचं झाकण वाजवलं. कावळ्याला काही झालं नाही. "उडवायचाच असतो, मारायचा न्हाई," ती म्हणाली. नंतर कुणी हसलं नाही.

गोळ्यांवर तीन आठवडे गेले. फुगे गोफणीतच फुटायचे. अंड्याच्या टरफलात रंग भरायची कल्पना भुजंगची, पण अप्पांच्या गळ्यात लिंग, घरी रोज पूजा. त्यांच्या पैशानं अंडी आणायची म्हणजे क्लब आणि मी दोघंही एकाच दिवशी बंद. शेवटी ओलं लिंबू वितळलेल्या मेणात दोनदा बुडवायचं, मेण थंड झालं की मधोमध कापून दोन वाट्या काढायच्या आणि तापलेल्या चमच्यानं पुन्हा जोडायच्या, असं ठरलं. आत रंग भरायचा गुरांच्या दवाखान्यातल्या जाड सुईनं. शंभर गोळ्यांना एक दिवस लागायचा आणि त्यातले तीस पिशवीतच फुटायचे.

पैसा अप्पांनी दिला. पाचशे रुपये, मोंढ्यात हारतुरे घेऊन, फोटोग्राफरसमोर. वर अंगात घालायला आडतीतली चाळीस जुनी पोती दिली. डोक्याला एक भोक, हातांना दोन, की झाला खेळाडूचा पोशाख. प्रत्येक पोत्यावर छातीच्या जागी काळ्या शाईत ‘शिवरुद्र आडत दुकान, मोंढा’ असा छाप होता. म्हणजे दोन्ही बाजूंची पोरं एकमेकांच्या छातीवर अप्पांचंच नाव बघून गोफण फिरवणार होती. हे माझ्या लक्षात आलं, पण फुकटच्या पोत्यांना मी नाव ठेवलं नाही.

खरी कसोटी रंगाची होती. अमेरिकेत एका बाजूला एक रंग, दुसऱ्या बाजूला दुसरा, असं सरळ असतं. परभणीत तसं नव्हतं. निळा म्हटलं की लिंबाजीकडची पोरं खूश आणि भुजंगकडची गप्प. भगवा म्हटलं की उलट. हिरव्याला प्राचार्यांनी हात जोडले. पिवळी हळद भंडाऱ्यासारखी दिसते, ती अंगावर पडली तर बाद कसं म्हणायचं, असा एकानं मुद्दा काढला. पांढरा चुना डोळ्यात गेला तर पोरं आंधळी होतील. काळ्यावर लगेच निषेध कशाचा, असा प्रश्न आला. रंगाच्या या सभा चार दिवस चालल्या आणि दोन वेळा प्राचार्यांचं पोट बिघडलं.

पाचव्या दिवशी लिंबाजीनं घरून कपड्यांची नीळ आणली आणि भुजंगनं मिरवणुकीतला उरलेला गुलाल. दोघांनी माझ्यासमोर एकाच बादलीत ओतलं आणि एकाच काठीनं ढवळलं. जांभळा रंग झाला. "हा कुणाचाच न्हाई," लिंबाजी म्हणाला. "आन दोघांचाबी हाय," भुजंग म्हणाला. त्या दिवशी मला त्या दोघांचा अभिमान वाटला, आणि त्या अभिमानात एक साधी गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. दोन्ही बाजूंना एकच रंग दिल्यावर कुणाचा गोळा कुणाला लागला हे कळणार कसं? हे प्राचार्यांनाही सुचलं नाही आणि अप्पांनाही नाही. कुणी नाराज झालं नाही, एवढ्यावरच आम्ही सगळे समाधानी होतो.

गोफण मीही शिकायला घेतली. संघटकाला खेळ यायला नको का? पहिल्याच दिवशी अप्पा सराव बघायला आले असताना मी फिरवली आणि खडा पुढं जायच्या ऐवजी मागं जाऊन प्रयोगशाळेच्या कौलावर पडला. दोन कौलं फुटली. अप्पा मोंढ्यात महिनाभर ही गोष्ट सांगत होते. माझा स्वभाव तापट आहे हे मी कबूल करतो. दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे सहाला, कुणी नसताना मैदानावर जाऊ लागलो. एका बाभळीच्या बुंध्यावर खडूनं गोल काढला आणि दोन महिने रोज त्या बाभळीला मारलं. सुरुवातीला बाभळीला काही त्रास झाला नाही. शेवटी शेवटी तिची साल निघाली.

गॅदरिंगचा दिवस उजाडला. मैदानावर कडब्याच्या पेंढ्या आणि बैलगाड्या आडव्या लावल्या होत्या, लपायला. मंडपात अप्पा पांढऱ्याशुभ्र धोतर-सदऱ्यात आणि टोपीत, मागं मोंढ्यातली मंडळी, गाववाले, मुलामुलींचे आईबाप. मुलाला घेऊन पार्वतीही आली होती. आज ऑर्डर निघणार म्हणून तिनं नवं लुगडं नेसलं होतं.

अप्पा भाषणाला उभे राहिले. खेळाचं कौतुक झालं, पोत्यांचं झालं. मग म्हणाले, "बन्सीधर सरांची ऑर्डर काढतो म्हनलो होतो. पण मी इचार केला. सर हंगामी हायेत म्हणून तर एवढं राबायलेत. कायम केल्यावर माणूस बसून ऱ्हातो. असं राबणारं माणूस बिघडवून कशाला ठेवायचं? बघू पुढच्या साली." लोक हसले. टाळ्याही पडल्या. पार्वती हसली नाही. मुलगा टाळ्या वाजवत होता, कारण वडिलांचं नाव घेतलं होतं.

मला राग आला. साधा राग नव्हता, सहा वर्षांचा होता. पण पंच मी होतो, गळ्यात शिट्टी होती. मी शिट्टी वाजवली.

पहिल्या दोन मिनिटांतच खेळाचं जे व्हायचं ते झालं. सगळे जांभळे. कोण बाद आणि कुणामुळं बाद, हे कुणालाच सांगता येईना. बाद झालेले पुन्हा खेळू लागले, कारण आपल्याला आपल्याच बाजूच्या माणसाचा गोळा लागला असं प्रत्येकाचं म्हणणं होतं. गोळे मंडपाच्या कनातीवर, बैलगाडीवर, एकदा तर चहाच्या पातेल्यात पडले. लोक मात्र खूश होते, असा खेळ त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. मी पंच म्हणून मध्ये धावत होतो, आणि धावता धावता एका कडब्याच्या पेंढीमागं पोचलो. तिथं कुणाची तरी गोफण पडली होती, शेजारी एक न फुटलेला गोळा.

मी गोफण उचलली. गोळा घातला. पेंढीच्या फटीतून मंडप दिसत होता आणि मंडपात तो पांढरा सदरा. मी दोन वेळा फिरवली आणि सोडली.

गोळा सदऱ्याच्या बरोबर मधोमध, पोटावर फुटला. जांभळा रंग वरून खाली धोतरापर्यंत ओघळला. अप्पा कितीतरी वेळ स्वतःच्या पोटाकडं बघत उभे होते. मी शिट्टी वाजवून खेळ संपल्याचं जाहीर केलं. मला फार बरं वाटलं, अगदी खोल बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. अप्पांचा राग पोटावरच्या रंगाचा नव्हता. साऱ्या मोंढ्यासमोर कुणीतरी मुद्दाम मारलं, हा त्यांचा राग होता. "इज्जतीचा सवाल हाय," ते म्हणाले. "चौकशी लावा. कुणी मारला ते हुडका, त्याचं नाव कॉलेजातून काटा." मग माझ्याकडं वळले. "चौकशी बन्सीधर सर करतील. आठ दिवसांत नाव द्या सर, त्याच दिवशी ऑर्डर. या टायमाला खरंच." प्राचार्यांनी तिथंच चौकशी समितीचा कागद टाइप करून आणला. सदस्य एक. तो मी.

मी आठ दिवस चौकशी केली. म्हणजे वर्गात टेबल टाकून बसलो आणि एकेका पोराला बोलावलं. रंग कोणता होता? जांभळा. अंगात काय होतं? पोतं. छातीवर काय लिहिलं होतं? अप्पांचं नाव. भुजंग म्हणाला, "सर, मी तवा लिंबाजीकडं बघायलो होतो." लिंबाजी म्हणाला, "मी भुजंगकडं." ते दोघं त्या दिवसापासून एकाच गाड्यावर चहा पीत होते, चौकशीत काय सांगायचं ते ठरवायला. घरी पार्वती रोज विचारायची, "सापडला का?" मी म्हणायचो, "जवळ आलोय."

सातव्या दिवशी प्राचार्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण वाक्य उच्चारलं. "सर, एवढा नेम त्या मनकर्णाशिवाय कुणाचा नाही." त्यांनी अप्पांनाही ते सांगून टाकलं होतं. तिच्या वडिलांच्या, सटवाजींच्या नावानं पत्र तयार होतं, पोस्टात टाकायचं तेवढं बाकी होतं. सटवाजींनी पोरीला एकाच अटीवर शिकायला पाठवलं होतं, की गावात बोल लागता कामा नये. मानवतचं एक स्थळ ते धरूनच बसले होते. पत्र पोचलं असतं तर मार्चची परीक्षा नाही, एप्रिलात लग्न.

त्या दुपारी प्राचार्यांच्या टेबलावर माझ्यासमोर दोन कागद होते, सटवाजींचं पत्र आणि सहीविना टाइप करून ठेवलेली माझी ऑर्डर. गप्प बसलं की माझी ऑर्डर. बोललं की तिचं कॉलेज वाचणार, आणि माझा जुलै कायमचा जाणार. मला भीती वाटली आणि स्वतःची लाजही वाटली. सगळ्यात जास्त राग या गोष्टीचा आला, की आयुष्यात एकदा बरोबर लागलेला नेम दुसऱ्याच्या नावावर जाणार होता.

आठव्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत अप्पा, प्राचार्य, मी आणि बोलावून आणलेली मनकर्णा. मी उभा राहिलो आणि सांगितलं, "अप्पा, गोळा मी मारला. मुद्दाम मारला. चौकशी संपली."

मग अप्पा हसायला लागले. डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसले. "सर," म्हणाले, "तुमी? अवो, तुमचा खडा कौलावर गेल्याला म्या बघितलाय. तुमी मला मारायचं ठरवलं असतं तर पिंगळीच्या टेसनावरचा मास्तर जखमी झाला असता."

"अप्पा, मी खरं बोलतोय. मी दोन महिने सराव केलाय."

"पोरीसाठी अंगावर घ्यायलाव, कळायलंय मला." मग ते मनकर्णाकडं वळले. "तू बोल. तू मारलास का?"

मनकर्णा भिंतीला टेकून उभी होती. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. "न्हाई अप्पा. मला मारायचा असता तर टोपी उडाली असती, कापडाला डाग लागला नसता. मी राखणीची हाय."

"मग कुणी मारला?"

"कुणीच न्हाई. नेम धरून सोडलेला गोळा सरळ येतो. ह्यो वरून पडल्यावानी आला. कुण्या तरी नवशिक्यानं भलतीकडं सोडला, आन तुमच्यावर आला. त्यात मुद्दाम काईच न्हाई."

अप्पांनी तिचं बोलणं दोन वेळा पुन्हा सांगायला लावलं. प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा थोडा सैल पडत गेला. मोंढ्यात आता सांगता येईल, मुद्दाम नव्हतं, चुकून होतं. ही गोष्ट त्यांना पाचशे रुपयांपेक्षा मोठी होती. "मंग माजी इज्जत कुटं गेलीच न्हाई," ते म्हणाले आणि सटवाजींच्या नावाचं पत्र फाडलं.

मग ते माझ्याकडं बघत राहिले. "सर, तुमी एका पोरीपायी खोटं बोलून सोताची नोकरी घालवायला निघालाव. असा माणूस हंगामी ठेवला तर मला पाप लागंल." त्यांनी प्राचार्यांकडून कागद मागवला आणि सही केली. मी दोन वेळा म्हणालो, की खोटं नाही, मी खरंच मारला. दोन्ही वेळा अप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली. तिसऱ्यांदा म्हणायचं धाडस मला झालं नाही. कागद हातात होता, खाली ‘कायम’ असा शब्द टाइप केलेला होता, आणि मी तो घट्ट धरला होता.

बाहेर आलो. मनकर्णा फाटकाशी ताडकळसच्या गाडीची वाट बघत उभी होती. मी तिला म्हणालो, "तू खोटं बोललीस."

"व्हय," ती म्हणाली. गाडी लांबून येताना दिसत होती. तिनं पिशवी खांद्यावर घेतली आणि विचारलं, "सर, नेम कुठं धरला होता?"

"पोटावर," मी म्हणालो.

"मग बरोबर लागला," मनकर्णा म्हणाली आणि गाडीत चढली.